अडीच आटे

—असा नाही सांगता येत नंबर, काका. बसा तरी आधी. तो स्टूल नको, डुगडुगतो — इकडे टायरवर बसा. कपड्यांना काही लागणार नाही, आणि लागलं तर लागलं, तुमचाही जन्म ग्रीसमध्येच गेलाय की. म्हणे, "पुढे कुठल्या नंबरची स्प्रिंग टाकू तेवढं सांग, मी निघतो." असं कसं निघता? दोन वर्षांनी रस्ता ओलांडलात. रस्ता तो केवढा — एक ट्रक शिरला की समोरच्याला मागे जावं लागतं — आणि तेवढा ओलांडायला सख्ख्या काकाला दोन वर्षं लागली, तर चहा तरी घ्याल की नाही? बरं, नको. आणि वेळ बरोबर साधलीत हं. बाबा जेवायला घरी गेलेले तुम्ही तुमच्या शटरखालून पाहिलंत आणि मग आलात. मीही पाहत होते. पायरी उतरलात, परत चढलात, खिशातून फोन काढून उगाच कानाला लावलात, परत उतरलात. मला वाटलं, आज काही येत नाहीत. पण रविवारची शर्यत आली तोंडावर आणि गाडी सुटताना उड्या मारते, मग येणार नाहीत तर जातील कुठे?

नाही, टोमणा नाही मारत. बरं, मारते. पण उत्तरही देते ना. नंबर म्हणजे काय, काका? दहा नंबरची स्प्रिंग म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला दहा किलो लागतात. बस्स, एवढंच. पण दहा हे जास्त की कमी, हे कुणाच्या मानाने ठरवायचं? गाडीचा तो कोपरा किती वजनाचा आहे तेच माहीत नसेल तर दहा काय आणि वीस काय. चष्म्याच्या दुकानात जाऊन "मला फक्त नंबर सांगा, मी निघतो" म्हणता का तुम्ही? आधी डोळे तपासतात ना? म्हणून हे चार वजनकाटे. प्रत्येक चाकाखाली एक. तुमच्या लेकाला, भुंग्याला, गाडीत बसवायचं, हेल्मेटसकट, टाकीत शर्यतीला असेल तेवढंच पेट्रोल ठेवायचं आणि मग आकडे वाचायचे. त्यातून चाकाचं, ब्रेकचं वजन वजा करायचं, कारण ते स्प्रिंगच्या खाली लटकतं, स्प्रिंग ते उचलत नाही. उरेल ते खरं ओझं. मग नंबर. तोवर नंबर नाही.

हसताय? हसा. ती पाटी लावली तेव्हा सगळी गल्ली हसली होती. "आधी वजन, मग स्प्रिंग." मीच रंगवली, मीच शिडीवर चढून लावली. आणि तुम्ही तिकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "डॉक्टरीणबाईंनी काटा आणलाय, आता गाड्यांना पथ्यावर ठेवणार." बरा होता विनोद. मीही हसले असते, विनोद दुसऱ्या कुणी केला असता तर. माझं खरंच तसं आहे, काका — मला वाटतं या गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजमध्ये काटे हवेत. कुणीही गाडीला हात लावण्याआधी ती तोलली पाहिजे. अंदाजाने पोरांना ताशी दोनशेवर सोडायचं आणि वर त्याला अनुभव म्हणायचं, हे थांबलं पाहिजे. परदेशात शिकायला होते तेव्हा मी लोकांना सांगायचे, आमच्याकडे हात सोन्याचे आहेत, फक्त काटा नाही. काटा आणला की बघा. आणला. तर म्हणे डॉक्टरीणबाई.

तिकडे मला नोकरी मिळत होती, माहितीये? पांढरी फरशी, खिडकीतून झाडं, आणि बोटाला तेल लागलं की लगेच पुसायला कागद. सगळ्यांना वाटतं, बाबांसाठी परत आली, बापाचा कणा मोडला म्हणून पोरगी आली. बाबांसाठी आले असते तर त्यांना तिकडे घेऊन गेले असते. मी तुमच्यासाठी आले, काका. तिथल्या प्रयोगशाळेत स्प्रिंग दाबून बघायचं यंत्र होतं. एकेक स्प्रिंग त्यात बसवायची, दांडा खाली आणायचा, ती दबत जायची, सुई चढत जायची — आणि दर वेळी मला तुम्हीच दिसायचात. किती वजनाला हा माणूस एक मिलिमीटर हलेल? बघा, वेड लागायची वेळ होती. पण अभ्यास झाला त्यानिमित्ताने. वर्गात पहिली आले.

असो. गाडीचं बोलू. गाडी उभी आहेच समोर, इथून दिसते. नाक वर करून. येणारा-जाणारा म्हणतो, "काय कडक दिसते!" तोच शब्द. कडक. चहा कडक, इस्त्री कडक, मास्तर कडक — आणि स्प्रिंगही कडकच पाहिजे. तुमच्याकडे येणारा प्रत्येक पोरगा पहिलं वाक्य हेच बोलतो, "काका, कडक बसवून द्या." आणि तुम्ही देता. पुढे दहा नंबर टाकलाय तुम्ही, तिथेच निम्मी शर्यत गेली.

काय? मला कसं कळलं दहा आहे? अहो — दिसतं ना. काकू सामान आणायला तिच्यात बसून जातात तेव्हा गतिरोधकावर दोन्ही हातांनी वरचा दांडा धरतात, आणि तरी त्यांचा अंबाडा छताला लागतो. यावरून कळतं. दहा नाही तर नऊ असेल. मी आपलं सांगितलं.

तर ऐका. दोन गाड्या शेजारी उभ्या, समोर जुनी रिकामी धावपट्टी, दिवा हिरवा होतो आणि सरळ रेषेत सुटायचं — कुठे वळायचं नाही, काही नाही. लोकांना वाटतं इंजिन जिंकतं. सुटताना पहिल्या दोन-चार गाडीलांब्यांत जिंकतं ते मागचं टायर. गाडी पुढे झेपावली की वजन मागे जातं. किती जातं ते स्प्रिंग ठरवत नाही, हं — ते गाडीच्या उंचीवर, लांबीवर आणि जोरावर ठरतं. स्प्रिंग आणि शॉकअप एवढंच ठरवतात की ते कसं जातं. धक्का मारून जातं, की हात धरून नेल्यासारखं जातं. पुढची स्प्रिंग मऊ असली, लांब असली, गाडीच्या वजनाने छान खोल दबून बसलेली असली, की सुटताना ती सावकाश उलगडत जाते, नाक शांतपणे वर उचलते, मागचं टायर जमिनीला चिकटून राहतं. तुमची दहा नंबरवाली दबलेलीच नाही, उलगडणार काय? दोन बोटं उलगडते आणि संपते. मग ठक्. शॉकअप टोकाला जातो, पुढची चाकं लटकतात, मागची घसरतात, वजन परत पुढे आपटतं, परत मागे. तीच ती उडी. भुंगा काय करेल बिचारा, तो स्टिअरिंग धरून बसतो.

मग तुम्ही काय केलंत? नाक उड्या मारतं म्हणून कॉलर आवळलीत. स्प्रिंगच्या बुडाशी जी चकती असते, आट्यांवर फिरते, ती. "दोन आटे वर घे, अजून कडक होईल." काका, मी हात जोडते, हे एक वाक्य या गल्लीतून हद्दपार झालं ना, तर मी माझी पदवी नाल्यात टाकायला तयार आहे. कॉलर फिरवून स्प्रिंग कडक होत नाही! दहाची स्प्रिंग दहाचीच राहते. गादीखाली विटा लावल्या म्हणून गादी कडक होते का? पलंग उंच होतो. तुमची गाडी उंच झाली, एवढंच. आणि वर शॉकअपला खाली सुटायला जी जागा होती तीही गेली. म्हणजे आधी दोन बोटं उलगडत होती, आता एकच. आणि तुम्ही म्हणता, आता कशी घट्ट बसली! बसली नाही, अडकली.

नाही, ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे. घरातला आवाज आहे, तुमचाही हाच आहे.

आणि एक लक्षात ठेवा, ही नुसती शर्यतीची गाडी नाही. सोमवार ते शनिवार भुंगा तीच घेऊन घरून तुमच्या गाळ्यावर येतो, काकू तिच्यातूनच बाजारात जातात. म्हणजे नुसतं मऊ करून चालणार नाही, नाहीतर रस्त्यावर ब्रेक मारला की नाक जमिनीवर टेकेल आणि वळणावर बोटीसारखी झुलेल. म्हणून शॉकअपला बटण असतं — रस्त्यावर आवळायचं, धावपट्टीवर सैल करायचं. आणि ते कुणीतरी आठवणीने फिरवायचं. भुंगा फिरवेल. भुंगा शहाणा आहे, काका. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बराच. अंगणात तोंडाने इंजिनाचा आवाज काढत, गिअर बदलत फिरायचा म्हणून मीच त्याचं नाव भुंगा पाडलं. तुमच्या घरात त्याला त्याच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारतं का अजून? नाही ना? मला त्याला कधी चुलत भाऊ म्हणताच आलं नाही. जीभ वळत नाही.

हां, म्हणूनच आलात ना? स्वतः शर्यतीत बसायचं असतं तर तुम्ही मेला असतात पण ही पायरी चढला नसतात. मागच्या रविवारी सरावाला गाडी भिंतीच्या हातभर जवळून गेली, ते मी ऐकलंय. गल्लीत सगळ्यांनी ऐकलंय. त्या रात्री तुम्हाला झोप लागली नसणार. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? भुंग्यासाठी जीव घाबराघुबरा झाला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी असंही वाटलं की, बघा आता, भिंत कशी दिसते ती.

नंबर देते, काका. वजनसुद्धा करून देते, स्प्रिंगा माझ्या कपाटात आहेत, संध्याकाळपर्यंत बसवूनही देते. पैसे? पैशांचं नाव काढू नका, पाकीट आत ठेवा. मला एक वाक्य हवंय.

वाक्य. तुमच्या तोंडून. उद्या सकाळी, बाबा शटर उघडून त्या खुर्चीत बसतात तेव्हा, गल्ली भरलेली असते तेव्हा, तुम्ही इथे यायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं: "दादा, त्या दिवशी कॉलर मी फिरवली होती." बस्स. माफी नको, पाया पडणं नको, मिठ्या नकोत. तेवढं वाक्य, पण समोरच्या रंगवाल्याला आणि कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

कुठली कॉलर! वा. काय चेहरा केलात! तुम्ही नाटकात जायला हवं होतं.

बरं, मी आठवण करून देते. बेकरीवाल्याची लाल गाडी. दोन वर्षांपूर्वी, याच शर्यतीला. तेव्हा तुम्ही दोघं भाऊ एकाच छताखाली होतात, याच गॅरेजमध्ये. गाडी बाबांनी बसवली होती. उंची मोजून, दोन्ही बाजू सारख्या करून, आणि मग प्रत्येक कॉलरवर पिवळ्या रंगाची एक रेघ — चकतीवरून खाली आट्यांपर्यंत. म्हणजे कॉलर जरा जरी हलली तरी रेघ तुटलेली दिसेल. ती रेघ ओढली की बाबांचं काम संपलं, मग ते हात धुवायला जायचे. बेकरीवाला सुटला आणि दुसऱ्या गिअरमध्येच गाडी डावीकडे गेली. भिंत. त्याचा पाय अजून नीट टेकत नाही, पाव द्यायला काउंटरमागून उठतो तेव्हा बघा कधी. आणि गर्दी जमली, रेघ बघायला कुणी वाकलं नाही, सगळे बाबांकडे बघायला लागले, आणि तुम्ही — तुमच्याकडे कुणी बघतही नव्हतं, तुम्हाला बोलायची गरजही नव्हती — तुम्ही म्हणालात, "दादाचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही." हळू आवाजात. दुःखाने. मान हलवत. तेवढंच वाक्य. मला ते परक्या देशात फोनवर सात जणांनी सांगितलं, आणि सातही जणांनी मान हलवतच सांगितलं असणार.

त्या वाक्यानंतर या शटरखालून कोण आलं? तुम्ही समोर गाळा घेतलात, गिऱ्हाईक तुमच्यामागोमाग रस्ता ओलांडून गेलं. आणि बाबा एक शब्द बोलले नाहीत. आजपर्यंत नाही. मी विचारलं, भांडले, जेवण सोडलं — त्या दिवसाबद्दल त्यांच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलेलं नाही. खुर्चीत बसतात आणि तुमच्या गाळ्याकडे बघतात. परवा मी त्यांना नुसता एक नट आवळायला सांगितला, तर पाना हातात घेतला, बघितला, परत ठेवला. म्हणाले, "तूच आवळ, बाळा." ज्या माणसाने तुम्हाला पाना धरायला शिकवलं, काका! तुमच्या बोटावर बोट ठेवून शिकवलं. तुम्हीच सांगायचात आम्हाला.

म्हणून वाक्याच्या बदल्यात वाक्य. तुम्ही एक बोललात, मला एक परत हवंय. वाकडं काय मागतेय?

पुरावा? पुरावा गाडी कुठे गेली तोच. डावीकडे का गेली? मी तिकडे बसून त्या शर्यतीचा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मला त्या गर्दीतल्या लोकांचे शर्ट पाठ झाले. सुटताना गाडीचा मागचा उजवा कोपरा वर होता. उजवी मागची कॉलर आवळली की ओझं त्या चाकावर आणि पुढच्या डाव्या चाकावर जातं. मागचं डावं चाक हलकं होतं. मग उजवं चाक ढकलतं, डावं नुसतं घसरतं, आणि गाडी जाते डावीकडे. हे कुणी केलं असेल? ज्याला वाटतं की कॉलर आवळली की कोपरा कडक होतो, त्याने. ज्याला वाटतं, सुटताना उजवी बाजू सैल पडते, जरा घट्ट करू. असा या गल्लीत एकच माणूस आहे. आणि मी हेही मान्य करते, काका — तुम्हाला गाडी पाडायची नव्हती. जिंकवायचीच होती. दादापेक्षा आपल्याला दोन आटे जास्त कळतं, एवढंच दाखवायचं होतं. तेवढं म्हणाला असतात ना त्याच दिवशी, तर बाबांनी तुम्हाला पाठीशी घातलं असतं. तुम्हाला माहीत आहे घातलं असतं.

काय म्हणालात? अंदाज?

पुस्तकी अंदाज?

नका म्हणू तसं. मला हवं ते म्हणा, डॉक्टरीणबाई म्हणा, पण पुस्तकी म्हणू नका. पुस्तकात काय लिहिलंय माहितीये? पुस्तकात लिहिलंय, कॉलर फिरवली असावी. किती, ते नाही लिहिलेलं. मी सांगते किती. अडीच आटे! बाबा बेकरीवाल्याबरोबर नाव नोंदवायच्या रांगेत उभे होते, तेव्हा तुम्ही ताडपत्रीखाली गाडीमागे आडवे झालात, पान्याला फडकं गुंडाळलंत, लोखंडाचा आवाज होऊ नये म्हणून — निळं फडकं, शर्टाची फाडलेली बाही — आणि दोन आटे फिरवलेत, थांबलात, म्हणालात, "अजून अर्धा घेऊ", आणि अजून अर्धा घेतलात. अडीच. पिवळी रेघ दोन्हीकडे तुटून लांब गेली. हे आहे का पुस्तकात? सांगा, हे कुठल्या पुस्तकात आहे?



काय फडकं? फडकं म्हटलं मी? — अहो, गॅरेजमध्ये फडकं असतंच, ज्याच्या त्याच्या खांद्यावर फडकं असतं, त्यात काय एवढं? निळं आपलं म्हटलं. हिरवं असेल. मी काही तिथे नव्हते, मी तर परदेशात — नाही, ऐका ना, बाबांनी सांगितलं. हो, बाबांनीच. आत्ताच म्हणाले मी, हो, की ते बोलत नाहीत, पण एकदा बोलले होते, तापात होते तेव्हा. रांगेत होते, बरोबर, पण रांगेतून परत आले असतील ना, लांबून पाहिलं असेल. ताडपत्री खाली सोडलेली होती? मग फटीतून. कुणीतरी पाहिलं असेल, काका, एवढी गर्दी होती, लोक काय येतात-जातात. टायरवाला असेल. मला आता आठवत नाही कुणी सांगितलं. ताडपत्रीखाली दोघंच होतात तर होतात. तुम्ही आणि —

मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. तुम्ही नीट आठवा, मी नाव घेतलं का? नाही घेतलं.

उठताय कशाला? बसा. बसा हो, काका. असं बघू नका माझ्याकडे. तो तेव्हा पोरसवदाच होता, तुम्ही म्हणालात "दे रे फडकं", त्याने स्वतःची बाही फाडून दिली, त्यात त्याचं काय चुकलं? त्याला दोन वर्षं झोप नाही. इथे बसून हमसून हमसून रडला तो, माझ्या बाबांच्या खुर्चीकडे बघून. त्याने मला शपथ घातली होती की ताई, कुणाला बोलू नकोस — आणि मी — काका, तो तुम्हाला फसवत नव्हता. तो स्वतःच सांगणार होता तुम्हाला. रविवारी, शर्यत झाल्यावर. आधी तुम्हाला, एकट्याला. मग तुमचा हात धरून माझ्या बाबांकडे आणणार होता. म्हणाला, "बाबांना गर्दीत नको, ताई, त्यांना गर्दीत नाही सोसायचं. मी घरी सांगतो, मी जवळ असेन ना." असं म्हणत होता तो. तुमचा विचार करत होता. गर्दी मला हवी होती, त्याला नाही. हे सगळं माझं आहे, त्याचं काही नाही.

हे बघा, वाक्य राहू द्या. नको मला वाक्य. नंबर घ्या. पुढे साडेचार, मागे तीन, मी परवाच काढून ठेवलेत. हो, गाडी तोलली होती, तुम्ही माल आणायला गेला होतात तेव्हा तो घेऊन आला होता — तेही झालं सांगून, काय लपवायचं आता — आणि त्याने काहीच मागितलं नाही, फक्त एवढंच म्हणाला, "बाबा स्वतः विचारायला आले तर त्यांना दे, ताई, म्हणजे त्यांना वाटेल त्यांनीच मिळवलं." स्प्रिंगा न्या. आत्ता न्या. मी बसवून देते, नाहीतर तुम्ही बसवा, म्हणा सगळीकडे मीच ठरवल्या, मी पाटी उतरवते. तुमच्या वेल्डरने इथे एक चहा घेतला तर दुसऱ्या दिवशी त्याची हत्यारांची पेटी तुम्ही रस्त्यावर ठेवलीत, वीस वर्षं तुमच्याबरोबर काम केलेला माणूस, मला माहीत आहे तुम्ही काय करू शकता. पण हा वेल्डर नाही, काका. हा भुंगा आहे.

 मला बोला. शिव्या द्या, मी ऐकते, आजपर्यंत कुणाचं ऐकलं नाही तेवढं ऐकते.

थांबा ना. पायरीवरच थांबा. तो बघा, आला बाहेर तुमच्या गाळ्यातून. हात पुसतोय. पाहिलं त्याने आपल्याला दोघांना एका दारात — बघा कसा हसतोय! त्याला वाटतंय जुळलं आपलं. हात हलवतोय. काका, त्याला आत्ता हाक मारू नका. रस्त्यातून नको. काका —